डॉक्टरांनी शिफारस केलेली गादी

प्राध्यापकमहाशय कुलगुरूंच्या दालनात गेले होते ते खरं तर पंख्याची तक्रार घेऊन. वाणिज्य विभागातला पंखा फिरताना असा खडखडाट करी, की मागच्या बाकांवरच्या मुलांना व्याख्यान ऐकू येत नसे आणि पुढच्या बाकांवरच्यांना ते ऐकू येत नसल्याचं सोंग आणता येई. अर्ज हातात होता, घसा साफ करून झाला होता, पहिलं वाक्य जिभेवर होतं. पण कुलगुरूंनी मान वर केली, त्यांच्याकडे जरा वेळ टक लावून पाहिलं आणि म्हणाले, "बसा. सकाळपासून तुमचाच चेहरा डोळ्यांपुढे येत होता."

असं प्राध्यापकांना आजवर कुणी म्हटलं नव्हतं. लग्नाआधीसुद्धा नाही. ते बसले.

"वरून परिपत्रक आलंय," कुलगुरू म्हणाले. "व्यवसायातली आणि संशोधनातली नीतिमत्ता. तिचा विद्यापीठात प्रसार करायचाय. म्हणजे केला, असं वर्ष संपायच्या आत कळवायचंय. आता नीतिमत्ता म्हटल्यावर तुमच्याशिवाय दुसरं कोण?"

प्राध्यापकांची छाती फुगली. जिना उतरताना ती पुन्हा पूर्ववत झाली, कारण तिथे भेटलेल्या कार्यालयातल्या कारकुनानं सहज सांगून टाकलं, की कुलगुरूंच्या डोळ्यांपुढे याआधी जे जे आले होते ते सगळे वैद्यकीय रजेवर गेलेत. पंख्याचा अर्ज मात्र प्राध्यापकांच्या हातातच राहिला होता.

तसं पाहिलं तर निवड चुकीची नव्हती. प्राध्यापक हा मनुष्य काटेकोर. इतका, की विद्यार्थ्यांनी त्यांचं नाव 'तळटीप' ठेवलं होतं. कुठलीही गोष्ट सांगितली, की ती कुठून कळली हे सांगितल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. घरी दूध नासलं तर ते "दूध नासलंय" एवढ्यावर थांबत नसत. कोणत्या पातेल्यातलं, कुणी हुंगलं, आणि त्या आधी कुणाला शंका आली होती, हे सगळं ते पत्नीला सांगत. तोवर पत्नीनं ते दूध ओतून पातेलं घासायला घेतलेलं असे.

तेव्हा त्यांनी ठरवलं, एक भाषण द्यावं आणि मोकळं व्हावं. पण आधाराशिवाय भाषण कसं द्यायचं? म्हणून एक लहानसं सर्वेक्षण करावं: विद्यापीठात आणि आसपासच्या बाजारात लोक कितपत खरं वागतात ते लोकांनाच विचारावं. प्रश्नावली एका बैठकीत तयार झाली. आणि मग कारकुनानं सांगितलं, की माणसांना प्रश्न विचारायचे तर नीतिमत्ता समितीची परवानगी लागते.

"आपल्याकडे आहे अशी समिती?" प्राध्यापकांनी विचारलं.

"आहे ना. अध्यक्ष वारले. सचिव मुलाकडे परदेशी गेले ते तिकडचेच झाले. एक सदस्य शिल्लक आहेत, पण आपण सदस्य आहोत हे त्यांना माहीत नसावं."

"कोण ते?"

कारकुनानं फाइल उघडली, बोट फिरवलं आणि म्हणाला, "तुम्हीच."

जुनी समिती बरखास्त करून नवी नेमायची, तर ठराव जुन्या समितीनंच करायला हवा होता. प्राध्यापकांनी रिकाम्या खोलीत एकट्याची सभा घेतली, स्वतःचं स्वागत केलं, ठराव मांडला. पण सूचक आणि अनुमोदक एकच माणूस चालतो की नाही, यावर विधी विभागाचं मत मागवावं लागलं. विधी विभागानं कळवलं, की चालतो, मात्र त्यानं दोन वेळा वेगवेगळ्या खुर्चीत बसायला हवं. प्राध्यापक बसले. अशा रीतीनं ते नव्या समितीचे अध्यक्ष झाले. रसायनशास्त्राच्या मॅडम सदस्य झाल्या. या बाई इतक्या कडक होत्या, की त्यांच्या प्रयोगशाळेत काचेची भांडीसुद्धा दबकून वाजत.

आता नियमाप्रमाणे 'समाजातील एक सामान्य व्यक्ती' हवी होती. इथे गाडं अडलं. प्राध्यापकांच्या इमारतीत सामान्य व्हायला कुणीच तयार होईना. पहिल्या मजल्यावरचे निवृत्त अभियंते म्हणाले, "सामान्य? मी? तुम्हाला माझी कारकीर्द माहीत नाही." वरच्या मजल्यावरच्या गायनशिक्षिकेनं त्यानंतर जिन्यात ओळखही दाखवली नाही. शेवटी शेजारचे पोस्टमास्तर, तेही निवृत्तच, विचारात पडले आणि म्हणाले, "सामान्य असल्याचं पत्र मिळेल?"

"मिळेल. कुलगुरूंच्या सहीचं."

"मग हरकत नाही. असं पत्र असलेला अख्ख्या गल्लीत मी एकटाच असेन."

परवानगी मिळाली. मॅडमनी अटी घातल्या आणि अध्यक्ष या नात्यानं प्राध्यापकांनी त्या स्वतःच्या हातानं लिहून काढल्या: उत्तर देणाऱ्याची संमती घ्यावी, त्याचं नाव गुप्त ठेवावं, आणि ज्यावरून तो ओळखू येईल असा कुठलाही तपशील कुणाला सांगू नये.

सर्वेक्षणाचा निकाल थक्क करणारा होता. विद्यापीठात आणि बाजारात मिळून एकही लबाड मनुष्य सापडला नाही. उपाहारगृहाच्या चालकानं, ज्याच्या चहात दूध असतं ही नुसती अफवा होती, भेसळ या शब्दाचा अर्थ विचारला. संशोधक विद्यार्थ्यांनी तर कमालच केली. 'मी कधीही कुणाची नक्कल केलेली नाही' हे वाक्य त्यांच्यापैकी पुष्कळांनी शब्दशः सारखंच लिहिलं होतं, 'नक्कल'मधल्या शुद्धलेखनाच्या चुकीसकट.

"सगळेच इतके सज्जन असतील तर मी भाषणात बोलू काय?" जेवताना प्राध्यापकांनी सुस्कारा टाकला.

"आमच्या धाकट्याला विचारा," पत्नी म्हणाली. "त्याला खोटं बोलता येत नाही. बोलला तरी लगेच सांगून टाकतो. म्हणून तर दुकान कसंबसं चालतंय."

धाकटा म्हणजे तिचा भाऊ. त्याचं गाद्यांचं दुकान होतं. दुसऱ्याच दिवशी प्राध्यापक प्रश्नावली घेऊन तिथे पोचले. मेहुण्यानं त्यांना बसायला खुर्ची दिली नाही, कारण दुकानात खुर्ची नव्हतीच. त्यांना गादीवर बसावं लागलं, आणि गादी चांगली असल्यामुळे बसल्याबसल्या हळूहळू आडवं व्हावं लागलं. आडव्या अवस्थेतच त्यांनी प्रश्न विचारला, "गिऱ्हाइकाला कधी खोटं सांगितलं आहे का?"

"खोटं नाही हो भाऊजी," मेहुणा जरा घुटमळला. "पण ती पाटी आहे ना, बाहेरची. 'डॉक्टरांनी शिफारस केलेली गादी.' ती मला टोचते कधीकधी."

"का? डॉक्टरांनी शिफारस केलेली नाही?"

"केलीय ना. पण ते तसले डॉक्टर नाहीत. म्हणजे औषध देणारे नाहीत. लोकांना वाटतं हाडांचे डॉक्टर, आणि मीही काही बोलत नाही."

"मग कसले डॉक्टर आहेत?"

"ते नका विचारू. त्यांना वाईट वाटेल." मग त्यानं आवाज खाली आणला. "माझं नाव नाही ना येणार यात कुठे?"

"वेडा आहेस का तू?" प्राध्यापक गादीवरून म्हणाले. "गुप्ततेची अट मी माझ्या हातानं लिहिली आहे."

मेहुण्यानं संमतीपत्रावर सही केली आणि भाऊजींना चहा पाजला.

नीतिमत्तेचा कार्यक्रम विद्यापीठाच्या मोठ्या सभागृहात झाला. हजेरी सक्तीची असल्यामुळे सभागृह भरलं होतं. पत्नीही आली होती, दुसऱ्या रांगेत बसली होती. कुलगुरूंनी प्रास्ताविकात नीतिमत्ता या शब्दाचा उच्चार तीन वेगवेगळ्या प्रकारे केला आणि ते घड्याळाकडे पाहत खाली बसले. मग प्राध्यापक उठले.

पहिला भाग पडला. तत्त्वं, व्याख्या, उगम. मागच्या रांगांतून घोरण्याचा एक अतिशय नियमित आवाज येऊ लागला. प्राध्यापकांच्या कपाळावर घाम आला. हातातली पानं पुढे सरकेनात. तेव्हा त्यांनी पानं बाजूला ठेवली आणि म्हणाले, "मी तुम्हाला एका गादीवाल्याची गोष्ट सांगतो."

घोरणं थांबलं.

"नाव सांगणार नाही," ते म्हणाले, आणि इथपर्यंत सगळं नियमात होतं. त्यांनी पाटीचं सांगितलं. लोक हसले. शिकवण्याच्या इतक्या वर्षांत त्यांच्या बोलण्याला कुणी असं हसलं नव्हतं, आणि हसलं असेल तर ते बोलण्याला नव्हतं. प्राध्यापकांना त्या हशाची धुंदी चढली. आणि धुंदीत माणसाचा जो मूळ स्वभाव असतो तोच वर येतो. आधार दिल्याशिवाय गोष्ट अर्धी राहते असं त्यांना वाटू लागलं. मग दुकान पोस्ट ऑफिससमोर आहे हे आलं. पाटीवर झोपलेल्या हत्तीचं चित्र आहे हे आलं. दुकानात खुर्ची नाही हेही आलं. प्रत्येक तपशिलाला मोठा हशा.

"आणि हा डॉक्टर कोण?" शेवटी त्यांनी टेबलावर मूठ आपटली. "अशा गोष्टीला आपल्या पदवीचा आधार देणारा हा महाभाग कोण? मी म्हणतो, असा मनुष्य कुठे असलाच, तर त्याची पदवी काढून घेतली पाहिजे."

टाळ्यांचा कडकडाट झाला. कुलगुरूंनी उठून हात हातात घेतला. प्राध्यापकांनी दुसऱ्या रांगेकडे पाहिलं. ती खुर्ची रिकामी होती.

घरी पोचले तेव्हा पत्नी त्यांच्या पलंगावरची गादी गुंडाळत होती. ही गादी अर्थातच मेहुण्याच्या दुकानातली.

"हे काय?"

"परत पाठवतेय. खोट्या माणसाची गादी तुमच्यासारख्यांनी कशाला वापरायची?"

"मी नाव घेतलं नाही त्याचं."

"हत्तीचं घेतलंत ना?" एवढं बोलून तिनं बोलणं बंद केलं. तिचं बोलणं बंद होणं म्हणजे भांडणं नव्हे. भांडणात निदान संवाद असतो. आता घरात फक्त आमटीचा डाव बोलत होता, तोही भांड्याशी.

नंतरच्या दिवसांत प्राध्यापक सतरंजीवर झोपू लागले आणि सकाळी कमरेतून वाकूनच उठू लागले. इमारतीत या दुखण्याची चर्चा झाली. अभियंत्यांनी पाठीखाली फळी घ्यायला सांगितलं, गायनशिक्षिकेनं खर्ज लावायला सांगितला. पोस्टमास्तरांनी मात्र वेगळंच विचारलं, "गादीचं काय झालं?" प्राध्यापकांनी विषय बदलला.

दुकानावर मात्र खरोखरच संकट आलं होतं. मुलांची टोळकी येऊन "डॉक्टर आहेत का आत? नंबर लावायचाय" असं विचारून पळू लागली. नेहमीची गिऱ्हाइकं रस्त्याच्या पलीकडून जाऊ लागली. आणि विद्यापीठाच्या वसतिगृहासाठी गाद्यांचं जे काम जवळपास ठरल्यातच जमा होतं, ते अधीक्षकांनी थांबवलं. नीतिमत्तेचं वर्ष चालू असताना अशा दुकानातून खरेदी बरी दिसत नाही, असं कारण दिलं. त्या कामासाठी मेहुण्यानं कापूस भरून ठेवला होता. दुकानात आता चालायलासुद्धा वाट नव्हती.

प्राध्यापक एकदा तिथून गेले. मेहुणा स्टुलावर चढून हत्तीवरची धूळ पुसत होता. त्यानं पाहिलं, "या भाऊजी" म्हटलं, आणि पुन्हा हत्ती पुसू लागला. त्यानं शिवी दिली असती तर प्राध्यापकांना सोपं गेलं असतं.

तक्रार मेहुण्यानंच केली, पण भरीला घातलं पोस्टमास्तरांनी. नेमणुकीपासून समितीपुढे एकही प्रकरण आलं नव्हतं आणि सामान्य व्यक्तीला काम नसल्यानं ते बेचैन झाले होते. ते गादी विकत घ्यायला म्हणून गेले आणि संमतीपत्राची प्रत वाचून आले. "अट मोडलीय," त्यांनी मेहुण्याला समजावलं. "अशा वेळी दाद मागायची सोय आहे. अध्यक्ष तुमचे भाऊजीच आहेत, घाबरायचं कारण नाही."

कुलगुरूंनी प्राध्यापकांना तातडीनं बोलावलं. पंख्यासाठी त्यांनी इतकी घाई कधी केली नव्हती.

"समितीची पहिलीच तक्रार, आणि ती अध्यक्षांवर," कुलगुरू म्हणाले. "हसं होईल आपलं. वार्षिक अहवालात जायचंय सगळं. तुम्ही असं करा, तक्रार तपासली आणि त्यात तथ्य आढळलं नाही, असा शेरा मारून सही करा. अध्यक्ष तुम्हीच आहात. संपलं."

कागद पुढे होता. पेनाचं टोपण कुलगुरूंनीच काढून दिलं होतं. प्राध्यापकांना ते सगळं फार सोयीचं वाटलं, आणि खरं सांगायचं तर त्यांनी पेन हातात घेतलंही. पण शेरा लिहिताना आधार काय द्यायचा, हा प्रश्न आला. तथ्य आढळलं नाही, असं कुणाच्या आधारे लिहायचं? सबंध सभागृहानं ऐकलं होतं. बायकोनं ऐकलं होतं. स्टुलावर उभा असलेला तो मनुष्य डोळ्यांपुढून हलेना.

"सर, तथ्य आहे," ते म्हणाले. "मी अध्यक्षपद सोडतो. चौकशी मॅडम करतील."

"अहो, मॅडम," कुलगुरूंचा चेहरा उतरला. "त्या खरंच चौकशी करतील."

मॅडमनी ती केली. समितीच्या खोलीत एका बाजूला मॅडम आणि पोस्टमास्तर, दुसऱ्या बाजूला प्राध्यापक, आणि शेजारी मेहुणा. तो लग्नातला कोट घालून आला होता. प्राध्यापकांनी सगळं कबूल केलं. खळखळ केली नाही. मॅडम लिहीत होत्या. त्यांचं समाधान झाल्यासारखं दिसत होतं. पण पोस्टमास्तरांना इतक्यात घरी जायचं नव्हतं.

"एक शंका," ते म्हणाले. "तो डॉक्टर कोण?"

मेहुणा आपल्या चपलांकडे पाहू लागला.

"पाटी खोटी आहे की खरी, हे ठरवायला नको का? सामान्य माणसाला हा प्रश्न पडतो."

"सांगा," मॅडम म्हणाल्या. काचेच्या भांड्यांना त्या ज्या सुरात बोलत, त्याच सुरात.

मेहुण्यानं कोटाचं बटण लावलं, काढलं, आणि म्हणाला, "हे शेजारी बसलेत ते."

प्राध्यापकांनी मागे वळून पाहिलं. मागे भिंत होती.

"दुकान सुरू केलं तेव्हा भाऊजी आले होते," मेहुणा सांगू लागला. "पहिल्या गादीवर तेच झोपले. चांगला तासभर झोपले. उठले आणि सगळ्या पाहुण्यांदेखत म्हणाले, अशा गादीची मी कुणालाही शिफारस करीन. तेव्हा भाऊजींना नुकतीच डॉक्टरेट मिळाली होती. ताईला केवढं कौतुक. आम्ही घरात तेव्हा त्यांना डॉक्टरच म्हणायचो. मी रंगाऱ्याला सांगून टाकलं. मला वाटलं भाऊजींनाही बरं वाटेल. पुढे लोक हाडांचे डॉक्टर समजायला लागले तेव्हा काढावीशी वाटली, पण काढली तर भाऊजी म्हणतील, माझी पदवी याला कमी वाटायला लागली."

"म्हणून तू त्या दिवशी सांगितलं नाहीस," प्राध्यापक हळूच म्हणाले.

"तुम्हाला वाईट वाटेल म्हटलं ना मी."

पोस्टमास्तर खिडकीबाहेर पाहू लागले. त्यांचे खांदे हलत होते. मॅडमनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला, पुन्हा काढला. "डॉक्टरेट कशात आहे आपली?" त्यांनी विचारलं.

"घाऊक बाजारातील विश्वासार्हता," प्राध्यापक म्हणाले. हे सांगताना त्यांना पहिल्यांदाच आधार द्यावासा वाटला नाही.

निकाल दोन ओळींचा होता. प्राध्यापकांनी त्याच सभागृहात, त्याच व्यासपीठावरून माफी मागावी. आणि मेहुण्यानं पाटीवर डॉक्टर कसले, तेही लिहावं.

या वेळी हजेरी सक्तीची नव्हती, तरी मुलं दारात उभी होती. बातमी सगळीकडे झाली होती. प्राध्यापक व्यासपीठावर आले, कमरेत हात धरून. हातात पानं नव्हती.

"मागच्या वेळी मी तुम्हाला एका माणसाची गोष्ट सांगितली," ते म्हणाले. "ती सांगायचा मला अधिकार नव्हता. त्यानं माझ्यावर विश्वास ठेवून खरं सांगितलं. मी त्याला शब्द दिला होता. तुम्ही हसलात, मला ते आवडलं, आणि मी शब्द मोडला. त्याचं नुकसान झालं. तो ज्याच्याबद्दल गप्प राहिला तो डॉक्टर मी आहे. माझी पदवी काढून घ्यावी अशी सूचना आली होती, ती माझीच होती. मी तिला अनुमोदन देत नाही, पण माफी मागतो."

कुणी हसलं नाही. मग मागून एकानं टाळी वाजवली, आणि मग सगळ्यांनीच. प्राध्यापक खाली उतरले. दुसऱ्या रांगेतली खुर्ची या वेळी भरलेली होती.

त्यानंतर एक विचित्र गोष्ट झाली. लोक प्राध्यापकांच्या खोलीत येऊन प्रश्नावली पुन्हा भरायला मागू लागले. एका संशोधक विद्यार्थ्यानं दार लावून घेतलं आणि प्रबंधाचा एक भाग कुठून उचलला ते सांगितलं. तो नव्यानं कसा लिहायचा, हे त्यानं प्राध्यापकांबरोबर बसून ठरवलं. उपाहारगृहाचा चालकही आला. त्याचं सगळं सांगून झाल्यावर प्राध्यापकांनी चहा घेणं सोडलं, पण कारण कुणालाही सांगितलं नाही. पत्नीनं खोदून खोदून विचारलं. म्हणजे ती बोलू लागली होती. तरी त्यांनी तिलाही सांगितलं नाही, आणि तिला त्याचा राग आला नाही. वसतिगृहाचे अधीक्षक दुकानात जाऊन स्वतः गादीवर झोपून आले, आणि त्यांना उठवायला मेहुण्याला दोनदा हाक मारावी लागली. गाद्यांचं काम त्यालाच मिळालं.

पुढे दुसऱ्या एका विद्यापीठानं प्राध्यापकांना बोलावलं. विषय अर्थात नीतिमत्ता. घडलेली सगळी हकीगत सांगावी, असा आग्रह होता. प्राध्यापक आता शहाणे झाले होते. रविवारी मेहुणा जेवायला आला तेव्हा त्यांनी नवीन संमतीपत्र त्याच्यापुढे ठेवलं. हत्ती नाही, पोस्ट ऑफिस नाही, कसलाही तपशील नाही, असं त्यात स्पष्ट लिहिलं होतं.

मेहुण्यानं हात पुसले, कागद दोनदा वाचला, आणि प्राध्यापकांचं पेन मागून घेऊन खाली स्वतःच्या हातानं एक अट घातली. प्राध्यापकांनी ती मोठ्यानं वाचली: "दुकानाचं नाव, पत्ता, फोन नंबर आणि उघडण्याच्या वेळा वक्त्यानं स्पष्ट आवाजात सांगाव्यात."

"अरे, ही तर जाहिरात झाली," प्राध्यापक म्हणाले. "व्यवसायाच्या नीतिमत्तेत हे बसत नाही. मी तुझा नातलग आहे. समिती परवानगी देणार नाही."

"मी विचारलं पोस्टमास्तरांना," मेहुणा भाताचा घास घेत म्हणाला. "ते म्हणाले, वक्त्यानं आधी सांगायचं, की हा माझा मेहुणा आहे आणि याच्या गादीवर मी रोज झोपतो. मग ती जाहिरात नाही, ती साक्ष."

प्राध्यापकांनी पत्नीकडे पाहिलं. ती भाताचं पातेलं घेऊन उभी होती आणि कितीतरी दिवसांनी मोकळं हसत होती.

"सही करा," ती म्हणाली. "आणि उठा, तुमची गादी त्यानं खाली टेम्पोत आणलीय. दोघं मिळून वर घ्या, कमरेला सांभाळून."